मार्लिसचा पाझर

कड्याच्या माथ्याशी पोचल्यावर मार्लिसने उजव्या हातातली कुऱ्हाड गोठलेल्या मातीत मारली, ती धरतेय अशी खात्री करून गुडघा वर घेतला आणि पोटावर सरपटत बर्फात शिरली. या शेवटच्या हातभर चढाईत कुणाचाच रुबाब टिकत नाही. तोंडात बर्फ, टोपी डोळ्यांवर. ती तशीच पडून हसत राहिली. इतके हिवाळे वाट पाहायला लावणारा गोठलेला पाझर आता तिच्या बुटांखाली होता.

खाली रेइनोबरोबर थांबलेल्या ड्वेनची हाक आली.

"जिवंत आहेस ना गं?"

"आहे. थांबा, दोर बांधून घेते."

अमेरिकेत म्युनिसिंग गावाच्या पुढे सुपीरियर सरोवराच्या काठाने हे वालुकाश्माचे कडे आहेत. त्यांच्यातून झिरपणारं पाणी हिवाळ्यात जागच्या जागी गोठतं. बाकीचे पाझर दरवर्षी इमानाने धरतात. हा मात्र लहरी. पाऊस लांबला तरच वरून लोंबायला लागायचा आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर अडून बसायचा. वडिलांबरोबर हरणाच्या मागावर फिरताना तो मार्लिसला सापडला होता. म्हणून रेइनोच्या सौनामध्ये, त्या तापवलेल्या लाकडी खोलीत घाम गाळत तिघांनी ठरवून टाकलं होतं, पाझर जमिनीला टेकला की तिघांनी मिळूनच जायचं, पुढे मार्लिस, आणि नावही तिनेच ठेवायचं. शोधेल त्याने नाव ठेवायचं, अशी इथली रीत. एकदा ठेवलेलं नाव मग कुणी बदलत नाही. तोवर सगळे त्याला मार्लिसचा पाझर म्हणायचे.

तिने उजवीकडे पाहिलं. सकाळी थर्मासमधली कॉफी ओतताना रेइनो म्हणाला होता, "वर उजवीकडे जाडजूड बर्च आहे, त्यालाच बांध. सीडरच्या नादी लागू नकोस, कुजकाय तो."

बर्च होता. मिठीत मावणार नाही एवढा. ती त्याच्याकडे निघाली आणि मध्येच थांबली.

सरोवरावरून पाहिलं तर माथ्यावर नुसती काळी झाडी दिसते. त्यात बर्च कुठला, कुजका सीडर कुठला, हे इथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

ती वळली. सीडर डावीकडे होता, बुटका पण चांगला ठणठणीत. तिने हातमोज्याने त्याच्या बुंध्यावरचा बर्फ खरवडला. खाली सालीला घट्ट आवळलेली एक पट्टी निघाली, उन्हाने विटलेली. टोकाला हिरवा टेप. पट्टीत एक कॅराबिनर, दोर ओवायची धातूची कडी अडकवलेली, तिला लाल टेप. सामानाची सरमिसळ होऊ नये म्हणून तिघांनी रंग वाटून घेतले होते. हिरवा रेइनोचा, लाल ड्वेनचा. पिवळा तिचा, तो इथे नव्हता. दोर यातून ओवून दोघं खाली उतरले होते आणि उतरणाऱ्याला आपलं एवढं सामान वर सोडावंच लागतं.

पट्टी एवढी विटायला उन्हाळे जावे लागतात. म्हणजे तिचा घोटा मोडला तो हिवाळा; बाकी प्रत्येक हिवाळ्यात ती स्वतः येऊन पाझर पाहून जायची. तेव्हा दर रविवारी हे दोघे टॉवेलात गुंडाळलेली मांस-बटाटा भरलेली गरम पॅस्टी घेऊन यायचे आणि तिच्या पलंगावर पत्ते मांडायचे.

"तुझा पाझर काही खरा नाही बघ," रेइनो पानं पिसत म्हणाला होता. "यंदाही जमिनीला टेकलाच नाही."

आपलं काही हुकलं नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं. वर तिनेच दोघांची समजूत काढली होती, पुढच्या वर्षी टेकेल, तोंडं पाडू नका म्हणून. बहिणीने आणलेल्या केकचा शेवटचा तुकडाही तिने ड्वेनला दिला होता. तो तुकडा आठवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने दोर सीडरलाच बांधला, त्या पट्टीच्या शेजारी. मग रेइनोला वर बोलावलं. तो एकेक घाव घालत चढत होता तेवढा वेळ ती दोर ओढून घेत होती. अंगाचा तिळपापड झाला होता, पण दोर तिने वीतभरही ढिला पडू दिला नाही.

रेइनोचं डोकं वर आलं. त्याने आधी बर्चकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्याने सीडरकडे पाहिलं.

"मस्त होता," तो म्हणाला. "बर्फ एकदम..."

"यंदाचा चांगला, की त्या वर्षीचा?"

तो उठून बसला आणि हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिला. बर्फ केव्हाच निघून गेला होता.

"तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."

"आणि चढलात? तेही माझ्याचसाठी?"

"मार्लिस, तो टेकला होता गं. पुन्हा कधी टेकेल कुणाला ठाऊक?"

"मी थांबले ना."

खालून ड्वेन ओरडला.

"म्हातारे, काय कुजबुज चाललीय? नाव काय ठेवलंस ते सांग आधी. त्याशिवाय मी नाही चढायचा."

नाव तिने कधीच ठरवलं होतं. तिच्या वडिलांचं. ते गेले त्या वर्षापासून तिने ते मनात जपलं होतं, या दोघांनाही सांगितलं नव्हतं. आजही तिने ते आतच ठेवलं. दोरावर भार टाकून ती कडेपाशी वाकली.

"जमिनीला टेकलाच नाही."

"काय?"

"नाव विचारलंस ना? जमिनीला टेकलाच नाही."

रेइनो सरोवराकडे तोंड करून बसला होता.

मार्लिसने सैल दोर ओढून घेतला. दुसरं टोक ताणलं गेल्याचं तिच्या हाताला कळलं.

"धरलंय तुला," ती खाली म्हणाली. "ये."