बरमाक शब्दाची जागा

किर्गिझस्तानातल्या आतबाशी गावच्या शाळेतून निवृत्त होऊन कासिमालीला बरीच वर्षं झाली होती, तरी भाषास्पर्धा आली की परीक्षक म्हणून बोलावणं त्यालाच यायचं. या वेळी किर्गिझ शब्द होता बरमाक, म्हणजे बोट. मुलांनी त्याचे अर्थ सांगायचे, वापर सांगायचे. जो जिंकेल त्याला राजधानीतल्या निवासी शाळेत जागा. जागा एकच. ती झूराकानला मिळावी असं कासिमालीच्या फार मनात होतं. मेंढपाळाची पोर, आजीपाशी वाढलेली. हिवाळाभर कासिमालीच्या चुलीशी बसून पुस्तकं वाचायची. जागा हुकली तर वसंतात बाप तिला मेंढरांमागे डोंगरावर नेणार होता, आणि मग शाळा संपलीच.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गावचा प्रमुख अब्दिराझाक यानं परीक्षकांना जेवायला बोलावलं. त्याचा मुलगा एर्बोल स्पर्धेत होता. जाऊ नये असं कासिमालीला वाटलं, पण नाही कसं म्हणायचं ते त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. गेला. वयानं थोर म्हणून मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. बेशबरमाक, हे पाची बोटांनी खायचं जेवण, संपत आलं तेव्हा तळाशी उरलेलं मांस आणि शेवया बोटांनी गोळा करून धाकट्यांना भरवायचं, तेही थोरल्याचंच काम. एर्बोल समोर गुडघे टेकून आ वासून बसला. पोरगा लाघवी होता. कासिमालीनं त्याला घास भरवला. सगळ्यांनी तळवे वर धरले, तशी सवयीनं त्याच्या तोंडून बाता, म्हणजे थोरल्यांचा आशीर्वाद, निघून गेली: तुझी वाट मोकळी होवो, आज मागशील ते तुझ्या पदरात पडो. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आपण काय बोलून बसलो ते कासिमालीला तेव्हा कळलं.

शाळेच्या सभागृहात एर्बोल छान बोलला. कुणीतरी लिहून दिलेलं, पाठ केलेलं, कुठे न अडखळता.

मग झूराकान. ती म्हणाली, तिची आजी बरमाक म्हणते ते फक्त अंगठ्याला. बाकीच्या बोटांना आपापली नावं आहेत. आजीला लिहिता येत नाही, ती कागदावर बरमाक उठवते. एखादी गोष्ट हातची गेली की माणूस बरमाक चावतो. आणि आतून ठरवून काम केलं की लोक म्हणतात, बरमाक दाबला, डोळा मिचकावला. याचं उदाहरण द्या, असं परीक्षकांच्या प्रमुख गुलबारचिनबाईंनी विचारलं. पोरगी म्हणाली, "आमच्या कुरणांची वाटणी." मागच्या बाकांवर लोक खदखदून हसले. पहिल्या रांगेत, ती वाटणी करणारा अब्दिराझाकही हसला, जरा उशिरानं.

नंतर तिघे परीक्षक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. गुलबारचिनबाई एर्बोलच्या बाजूनं होत्या. व्यायामशिक्षक मुकांबेत म्हणाला, पोरगी बरी बोलली, पण आपलं काही म्हणणं नाही. अगाय सांगतील तसं. कासिमालीला सगळे अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचे.

कासिमाली म्हणाला, "मुलगी पुढे आहे."

"अगाय, डोक्याचा मान तुम्ही घेतलात," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाता तुम्ही दिलीत. आता तुम्हीच ती मोडणार?"

"ती जेवतानाची होती, बाई."

"जेवतानाची वेगळी आणि एरवीची वेगळी असते होय?"

"आम्ही सुटलो बुवा," मुकांबेत म्हणाला, "आमच्या वाट्याला नुसत्या बरगड्या आल्या."

बाता म्हणजे मत नव्हे, एवढंच बोलायचं होतं. वाक्य त्याच्या ओठांवर होतं. पण थोरल्यानं दिलेली बाता थोरल्यानंच मोडली असं गावभर झालं असतं, आणि त्याच्या जन्माच्या बोटचेपेपणाला आज रीतीचा टेकू मिळाला होता. त्यानं होकारार्थी मान हलवली, आणि जागा एर्बोलला गेली.

बक्षीस वाटून झाल्यावर झूराकान अंगणात त्याची वाट पाहत उभी होती. रडली नव्हती. बाप फाटकाबाहेर घोडा धरून थांबला होता.

"अगाय, माझं काय चुकलं?"

कुरणांचं उदाहरण नको होतं, असं तो म्हणू शकला असता. पण तेवढ्यावरून ती सगळं ओळखेल, इतकी ती हुशार होती. म्हणून त्यानं दुसरंच काढलं.

"बरमाक म्हणजे नुसता अंगठा, असं तू म्हणालीस. तसं नसतं. ते चूक आहे."

त्याची आई मरेपर्यंत अंगठ्यालाच बरमाक म्हणत होती.

"म्हणजे आजी चुकीचं बोलते?"

"हो," कासिमाली म्हणाला.

झूराकाननं तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "बरं झालं विचारलं. घरी गेल्यावर तिला सांगते."