संत निकोला आणि पातेल्याचं झाकण

सर्बियातल्या निश शहरातल्या एका विद्यार्थी वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, संत निकोला साऱ्या नापासांसाठी खरोखर अश्रू ढाळत. मात्र फक्त जानेवारीत. जूनच्या परीक्षेला त्यांचे डोळे ठणठणीत कोरडे असत. पण जूनमध्ये नापास होणाऱ्यांनी हा मुद्दा कधी लावून धरला नाही.

संतांची तसबीर पत्र्याची होती आणि रिवाजाप्रमाणे पूर्वेच्या, म्हणजे बाहेरच्या, भिंतीवर टांगलेली होती. तिच्याखालच्या खाटेवर रादिवोये झोपे. हा भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि खोली आपण शास्त्रीय कसोटीवर निवडली असं चारचौघांत सांगे. इतर मुलं खोली घेताना न्हाणीघर जवळ आहे का, शेजारचा अकॉर्डियन वाजवतो का, असल्या किरकोळ गोष्टी बघत. रादिवोयेने पेटती मेणबत्ती खिडकीच्या फटींवरून फिरवली होती. ज्योत हलली नाही. म्हणजे आरपार वारा नाही! आरपार वाऱ्याने तोंड वाकडं होतं, कान जातो, मूत्रपिंडं गारठतात, हे त्याला आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. शास्त्राला याहून मोठा पुरावा तो काय हवा? उरलीसुरली शंका म्हणून त्याने फटींना चिकटपट्टीही लावली.

संध्याकाळ झाली की दर्शनाची रांग जिन्यापर्यंत जाई. रांगेचा पुजारी म्हणजे रादिवोयेचा खोलीतला जोडीदार तिहोमिर. कायद्याचा अभ्यास तो इतकी वर्षं करत होता की मध्ये दोनदा कायदाच बदलला होता.

“ढकलाढकली नको, भावांनो! वैद्यकीयवाले पुढे या, तुम्हाला अश्रू जास्त लागतात. ए गणित, रुमाल कपाळाला लाव, नाक कसलं पुसतोस? संत काही मागत नाहीत हं. खिम्याचा बुरेक मात्र भट्टीतून गरम आणा. आयवारच्या चटणीची बरणी तिकडे, खाटेखाली.”

कोपऱ्यात, वसतिगृहात बंदी असलेल्या शेगडीवर, प्रसादाच्या राजम्याचं पातेलं रटरटत असे. वर दोरीवर दोघांचे मोजे वाळत, म्हणजे वाळत नसत.

रादिवोयेची ऊष्मागतिकीची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. नापास झाला तर सरकारी खाट जाणार आणि गावी, क्न्याझेवाचला, बापाच्या दुकानात टायर बदलावे लागणार. कानांत बोटं घालून तो पाठ करत होता, “हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, त्या तापमानाला दवबिंदू...”

टप्. संतांचा अश्रू थेट वहीवर पडला. रादिवोयेने वैतागून तो पुसला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पेनाचं टोक त्या ओलाव्यात बुडवलं.

“पाहिलं हं मी,” दारातून आवाज आला. वर्गातली देसांका वही मागायला आली होती.

“गंज चढला होता पेनाला.”

“प्लास्टिकच्या?”

ती सरळ आत आली, राजम्यावरचं झाकण उचललं, पुसलं, गार होऊ दिलं आणि तसबिरीशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

“अगं, भाविकांच्या भावना दुखावतील!” तिहोमिर ओरडला.

“राजमा उघडा शिजेल, एवढंच. उद्या येते.”

दुसऱ्या संध्याकाळी झाकण घळाघळा रडत होतं. पहिल्या वर्षाच्या दोघांनी त्यालाही हात जोडले.

“झाकणही संत झालं!” तिहोमिरने संधी साधली.

“मग तुझ्या मोज्यांनाही रांग लाव,” देसांका म्हणाली. “अरे, पातेल्याची वाफ, मोज्यांची ओल, एवढ्या माणसांचा श्वास. खिडकी बंद. वाफ जाईल कुठे? थंड भिंतीवरचा थंड पत्रा सापडला की पाणी होऊन बसते. खरं सांग तिहोमिर, राजमा आधी चढवतोस की रांग आधी लावतोस?”

तिहोमिरने पातेल्याकडे पाहिलं. “राजमा आधी,” तो पुटपुटला. “पहिल्यांदा मीही घाबरलो होतो, आईशपथ! मग बुरेक यायला लागला.”

रांग पांगू लागली. रादिवोये मान खाली घालून वहीकडे बघत होता. दवबिंदूची व्याख्या दवबिंदूनेच पुसट झाली होती. ज्याला विचार करायचा आहे त्याने एवढंच करावं: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच्या शेजारी एक झाकण टांगून बघावं. झाकण नैवेद्य मागत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही.

“चला, आता खिडकी उघडा,” देसांका म्हणाली.

संतांचा चमत्कार गेला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र एकच ओरडा झाला. “वेडी झालीस का? दार सताड उघडं आहे!” “आरपार वारा लागेल!” आणि हात पसरून खिडकीला पाठ लावून सर्वांत आधी उभा राहिला तो भौतिकशास्त्राचा रादिवोये. “परीक्षा तोंडी आहे गं,” तो कळवळून म्हणाला. “गाल वाकडा झाला तर बोलू कसा?”

परीक्षेत प्राध्यापकांनी नेमकं विचारलं, “दवबिंदूचं रोजच्या जगण्यातलं उदाहरण?”

रादिवोयेने संत, राजमा, मोजे, झाकण, सगळं सांगितलं. जन्मात तो इतकं अस्खलित बोलला नव्हता.

प्राध्यापक हसून हसून लाल झाले. “उत्तम! आणि उपाय?”

“खिडकी उघडायची, सर.”

त्यांनी आपल्याच खोलीतल्या ओथंबलेल्या काचांकडे पाहिलं. “मग उघड की. थांब, थांब! आधी ते दार लाव.”

रादिवोयेने दार घट्ट लावलं. त्याला दहापैकी सहा गुण मिळाले, म्हणजे पास, आणि खाट राहिली. खिडकी उघडली नाही. तिलाही चिकटपट्टी होती.