लिंबोणीचं आळं

“पावसात झारी घेऊन कुठं निघालात, मावशी?” थंडोबानं ओरडून विचारलं, आणि व्हरांड्यातली सगळी म्हातारी माणसं खदाखदा हसली.

माळीणमावशीनं मानही वळवली नाही. डोक्यावर खताचं रिकामं पोतं, कमरेला खोचलेलं खुरपं आणि हातात काठोकाठ भरलेली झारी, अशी ती वृद्धाश्रमाच्या पुढच्या बागेतून मागच्या चौकाकडे निघाली होती. वरून पाऊस कोसळत होता आणि झारीतलं पाणी डचमळून तिच्या पायावर सांडत होतं. दृश्य हसण्यासारखंच होतं. पण हसणाऱ्यांकडे एकदा पाहून मावशीला वाटलं, या माणसांना हसायला फार थोडं पुरतं.

“आकाशाला मदत करताय होय?” थंडोबा पुन्हा ओरडला.

“अकरा वर्षं तुला करून बघितली. काही उपयोग झाला नाही. आता आकाशाला करून बघते.”

थंडोबा तिचा मदतनीस. चाळिशी उलटलेला माणूस, पण त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला आठवत नसे. बसला की उठायचा नाही, आणि उठला की पुढं कुठं बसायचं ते शोधायचा. आज मात्र तो चिखलात अनवाणी नाचत होता. चौदा महिन्यांनी पाऊस आला होता, त्यामुळे आज नाचणं हेही बागकामच आहे अशी त्याची समजूत झाली असावी.

एकटा तोच नव्हता. व्यवस्थापकसाहेब छत्रीखाली उभं राहून पावसाचं स्वागत करत होते आणि मधूनमधून एक हात छत्रीबाहेर काढून त्याचा फोटो घेत होते. निवृत्त हेडमास्तर पायरीवर उभे राहून सगळ्यांना समजावत होते की निसर्ग आपल्या लेकरांना कधी विसरत नाही. चौदा महिने मग काय परगावी गेला होता का, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण हेडमास्तरांना प्रश्न विचारला की ते उत्तर देतात, म्हणून ती गप्प राहिली.

जाता जाता ती गुलाबाच्या वाफ्यापाशी वाकली आणि मातीत बोट खुपसलं. वर अर्धं पेर ओलं, त्याच्या खाली कोरडं पीठ. पाणी वाफ्यावरून घसरून सरळ गटाराकडे पळत होतं. फार दिवस तहानलेली माती पाणी पीत नाही, तोंड मिटून घेते. आधी तिचं तोंड उघडावं लागतं. काल ढग दिसताच तिनं थंडोबाला सांगितलं होतं, सगळे वाफे खुरपून ठेव. साहेबांच्या खिडकीतून दिसतात तेवढे तीन वाफे त्यानं खुरपले होते.

“पालथ्या घड्यावर पाणी,” ती पुटपुटली. मातीबद्दल की माणसांबद्दल, ते तिचं तिलाच ठाऊक.

या बागेत तिला एकतीस वर्षं झाली होती. आधी नवऱ्याच्या हाताखाली, तो गेल्यावर त्याच्या जागेवर. आता दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. बाग नवऱ्यानं आखलेली. कुठं गुलाब, कुठं जाई, कुठं मेंदीचं कुंपण, सगळं त्याच्या डोक्यातलं. मावशीचं स्वतःचं असं त्या बागेत एकच झाड होतं, मागच्या चौकातली लिंबोणी. एका लिंबाची बी तिनं डब्यात रुजवली होती आणि रोप मागं नेऊन लावलं होतं.

“बियाचं झाड हे. सात-आठ वर्षं नुसते काटे देईल. फळ काही तुझ्या नशिबात नाही,” नवरा म्हणाला होता. तो आठव्या वर्षी गेला. लिंबोणीनं नवव्या वर्षी फळ धरलं. पहिलं लिंबू हातात घेऊन मावशी दोन दिवस चिडलेली होती, कारण ते दाखवायला माणूसच शिल्लक नव्हता.

पाणी आटलं तेव्हा साहेबांनी भिंतीवर सूचना लावली. टँकरचं पाणी फक्त स्वयंपाकाला आणि आंघोळीला. बागेत पाणी टाकताना कुणी सापडलं तर त्याची गय केली जाणार नाही. सूचना वाचून मावशी नाकानं हसली होती. इथल्या लोकांनी बागेला पाणी घालावं? यांना ग्लास उचलून तोंडाला लावताना धाप लागते.

तिनं गुलाब वीतभर ठेवून छाटले, बुडाशी पाला घातला आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली. मेंदी तशीच सोडली. झाडाला तहान सोसायला शिकवलं तर ते तगतं, हे तिला माहीत होतं. मातीत बोट घालून, खोडाला नख लावून ती सगळ्या बागेची नाडी बघायची. फक्त लिंबोणीच्या बाबतीत तिचं शहाणपण टिकलं नाही. रोज पहाटे पाच वाजता, अंधारात, स्वतःच्या आंघोळीचं धरून ठेवलेलं एक बादली पाणी ती मागं नेऊन लिंबोणीच्या आळ्यात ओतायची. कुणाला पत्ता नाही.

दोन महिन्यांपूर्वी लिंबोणीची पानं पिवळी पडायला लागली, मग गळून गेली. मावशीनं एकाच्या दोन बादल्या केल्या. तरी काडीवर पान नाही. साहेबांना तर ती जागा हवीच होती. धुलाई यंत्र ठेवायचं होतं.

“पाऊस झाल्यावर आठ दिवसांत पालवी आली तर राहू दे. नाही आली तर काढायची,” ते म्हणाले होते, जणू झाड त्यांच्याकडे रजेचा अर्ज घेऊन आलं होतं.

म्हणून आज पावसात झारी. कारण चौकावर साहेबांनीच कपडे वाळत घालायला पत्रा टाकला होता, आणि लिंबोणीचं आळं नेमकं त्या पत्र्याखाली होतं. आळंही साधं नाही. शोभेसाठी त्यांनी चारी बाजूंनी सिमेंटचा कठडा बांधून घेतला होता. जग भिजलं तरी तिथं थेंब पडणार नव्हता. हे कळायला अक्कल लागते असं नाही, नुसती मान वर करून बघावं लागतं. पण तेवढं तरी कोण करतो?

चौकात येऊन तिनं झारी वाकवली, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

“अहो मावशी, तिला नका घालू. मी मघाशीच घातलंय.”

खिडकीत स्वयंपाकीणबाई उभी होती. गोल चेहऱ्याची, सदा घाईत असलेली बाई. भाजीत मीठ दोनदा घालणारी आणि तिसऱ्यांदा चव घेऊन बघणारी.

“काय घातलंस?”

“भाजी धुतलेलं पाणी. दोन पातेली. रोजच घालते की.”

“रोज म्हणजे कधीपासून?”

“टँकर सुरू झाल्यापासून. जेवणं उरकली की. तुम्ही तेव्हा पुढं असता ना.” तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि लाजून हसली. “सांगू नका हं साहेबांना. आता पाऊस आला, आता काय भीती म्हणा.”

झारी मावशीच्या हातात तशीच वाकडी राहिली. तेवढ्यात मागून हेडमास्तर आले. आपल्यावाचून इकडे काही चाललं आहे हे त्यांना फार वेळ सहन होत नसे.

“पाण्याबद्दल बोलताय? मग मीही कबुली देऊन टाकतो,” ते म्हणाले. “दुपारी सगळे झोपले की माझी पाय शेकायची बादली मी इथंच रिकामी करतो. गुडघ्याचं दुखणं. गार झाल्यावर हो! गरम कधी ओतलं नाही. एवढं विज्ञान मला येतं.”

“सर, तुम्ही?”

“मग काय, झाड मरू द्यायचं?”

थंडोबाही नाचून दमला होता म्हणून पत्र्याखाली आला होता. तो खाली मान घालून उभा राहिला. मावशीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“एक बादली,” तो म्हणाला. “संध्याकाळी. तुम्ही खोलीवर गेल्यावर.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता, तुला कुणी सांगितलं होतं? जे करायला सांगते ते करत नाहीस आणि वर... मग म्हटलं कशाला. गुपचूप घालावं. तुमचं झाड आहे ना ते.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मावशीनं झारी खाली ठेवली. अकरा वर्षांत या माणसानं न सांगता केलेलं हे पहिलं काम.

ती आळ्यापाशी बसली. दुष्काळाच्या सुरुवातीला तिनंच हातभर जाडीचा पाला तिथं पसरला होता, ओल उडू नये म्हणून. साऱ्या बागेच्या मातीत बोट घालणारी ती, पण त्या पाल्याखाली तिनं एकदाही हात घातला नव्हता. काय लागेल हाताला, या धास्तीनं. आता तिनं पाला बाजूला सारला आणि खुरपं रोवलं. खुरपं लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं.

वास आला. तुंबलेल्या मोरीचा असतो तसला.

तिनं त्यात हात घातला आणि एक मूळ चिमटीत धरलं. पायातून ओला मोजा निघावा तशी त्याची साल निघून तिच्या बोटात आली. आत एक काळा दोरा. दुसरं धरलं. तेही तसंच. मग उठून तिनं खोडाला नख लावलं. कोरडं, तपकिरी. वर फांदीला लावलं. तपकिरी. उपाशी झाड आणि अजीर्ण झालेलं झाड, दोन्ही सारखीच सुकतात, पानं तशीच पिवळी पडतात. हे तिनं थंडोबाला शंभरदा सांगितलं होतं.

चौदा महिन्यांच्या अवर्षणात बागेतलं एकच झाड पाण्यानं मेलं होतं.

आणि तिच्या एका प्रश्नानं ते वाचलं असतं. कुणी पाणी घालतं का रे इथं? एवढंच विचारायचं होतं. पण विचारावं असं या घरात तिला कधी कुणी वाटलंच नव्हतं.

“काय म्हणतं झाड?” हेडमास्तरांनी विचारलं.

तिनं मागं वळून पाहिलं. तिघांचे चेहरे एका ओळीत दिसत होते. हेडमास्तरांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. स्वयंपाकीणबाई खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती. थंडोबाच्या पिंढऱ्या चिखलानं माखल्या होत्या. आपण चोरून एक चांगलं काम केलं आणि आज ते उघडं पडलं, याचा आनंद तिघांच्या तोंडावर लपत नव्हता. एवढ्या मूर्ख चेहऱ्यांची रांग मावशीनं जन्मात पाहिली नव्हती.

तिनं पायानं पाला पुन्हा आळ्यावर ओढला.

“गेलं,” ती म्हणाली. “पाणी कमी पडलं.”

“कमी?” स्वयंपाकीणबाईचा चेहरा उतरला. “अहो, एवढं घालून?”

“तुझ्या दोन पातेल्यांनी काय होतंय? झाड आहे ते, कोथिंबिरीची जुडी नव्हे. आणि सर, पाय शेकायच्या पाण्यावर झाडं जगायला लागली तर दवाखान्यात जंगल झालं असतं.”

“मी तर बादली घालायचो,” थंडोबा म्हणाला.

“अर्धी वाटेत सांडत असशील. मी ओळखत नाही होय तुला?”

थंडोबानं आळ्याकडे पाहिलं. पाल्याच्या कडेनं थोडा काळा चिखल वर आला होता. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत तोच चिखल. अकरा वर्षं माळीकाम केलेला माणूस, कितीही थंड असला तरी त्याला नाक होतं.

“हो,” शेवटी तो म्हणाला. “सांडायची थोडी.”

“मग? करवत आण जा.”

“आठ दिवस दिलेत ना साहेबांनी?”

“साहेबांचे आठ दिवस साहेबांना लखलाभ. आण.”

करवत आली. थंडोबानं पहिल्यांदा ती आडवी लावली, तसं मावशीनं त्याच्या हातातून हिसकावून घेतली. “तिरका काप घ्यावा. बुंध्यावर पाणी साचू देऊ नये. कितीदा सांगितलं?” मेलेल्या बुंध्याला पाण्याची काय भीती, असं त्यानं विचारलं नाही. ती कापत राहिली आणि तो फांदी धरून उभा राहिला. लिंबोणीचे काटे त्याच्या दंडाला बोचत होते, तरी त्यानं हात सोडला नाही. कापून झाल्यावर तिनं मूठभर भुसा उचलून नाकाशी नेला आणि टाकून दिला.

मग ती पुढच्या बागेत गेली. साहेब अजून छत्रीखाली होते.

“पावसानं सोनं केलं, मावशी!” ते म्हणाले.

“सोनं गटारात चाललंय. नाचून झालं असेल तर ज्याला हात आहेत त्यानं खुरपं घ्या,” ती म्हणाली. साहेबांनी घेतलं नाही. हेडमास्तरांनी घेतलं, आणि दहा मिनिटांत एक गुलाब मुळासकट उपटला. तिनं तो तसाच परत खोचला. मुळं बारीक होती, पण पांढरी, चिवट. चौदा महिन्यांत त्याला कुणी घोटभर पाणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मावशी आंघोळीची बादली घेऊन चौकात आली आणि बुंध्यापाशी येऊन थांबली. सवय. पाऊस पडतच होता. ओतायला कुठं जागा नव्हती, आणि भरलेली बादली परत न्यायची म्हणजे कुणी पाहिलं तर हसलं असतं.

तिनं चपला काढल्या आणि ते पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. हळूहळू, एकाच जागी, झाडाला घालतात तसं.