प्रचंड बहुमताने

पंखे दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींच्या घरी तोंड पाडून जेवायला बसायची सोय नव्हती. जेवताना प्रत्येकाने दिवसभरातली आपली एक फजिती सांगायची आणि ज्याच्या फजितीवर सगळ्यात मोठा हशा पिकेल, त्याला त्या दिवशी भांडी माफ, असा घरचा कायदा होता. कायदा मेस्त्रींनीच केला होता, कारण भांडी घासायचा कंटाळा सगळ्यात जास्त त्यांनाच. आपल्यासारखा गोष्टीवेल्हाळ माणूस रोजच जिंकणार, असा त्यांचा हिशेब. पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. गेले कित्येक दिवस त्यांची धाकटी सगळ्यांना चारी मुंड्या चीत करत होती.

धाकटीला घरात खारू म्हणत. लहानपणी दिसेल त्या कपाटावर चढून बसायची, म्हणून खारू. आता ती नववीत होती आणि तिच्याकडे फजित्यांचा तोटा नव्हता. कुणीतरी पाठीवर कागद चिकटवला आणि ती तशीच अख्खी शाळा फिरून आली. कुणीतरी दप्तर पळवलं आणि ते थेट मुख्याध्यापिकांच्या टेबलाखाली सापडलं. खारू हे सगळं अशा नकला करून सांगायची की थोरल्या दादाच्या नाकातून पाणी यायचं. "बापाच्या वळणावर गेलीय," असं मेस्त्री बायकोला अभिमानाने सांगायचे आणि मुकाट्याने भांडी घासायला उठायचे.

त्या दिवशी तर खारूने कहरच केला. वर्गातल्या पोरांनी मोबाइलवरच्या गटात मतदान घेतलं होतं. प्रश्न असा, की वर्गात कोण नसलं तर चालेल?

"आणि मी प्रचंड बहुमताने निवडून आले!" खारूने हात जोडून जाहीर केलं.

"भाषण! भाषण!" मेस्त्रींनी ताट वाजवलं.

खारू खुर्चीवर चढली. घसा खाकरून म्हणाली, "मतदार बंधुभगिनींनो, तुम्ही माझ्यावर टाकलेला विश्वास मी लवकरच सार्थ करून दाखवेन."

घर हसून हसून आडवं झालं. भांडी अर्थातच माफ झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस्त्री दुकानात एका टेबलफॅनचं पोट उघडून बसले होते. समोर फॅनची मालकीण, म्हणजे कोपऱ्यावरची शिंपीणबाई, स्टुलावर ताटकळत होती. गिऱ्हाइकाला नुसतं बसवून ठेवणं मेस्त्रींच्या तत्त्वात बसत नसे. त्यांनी लेकीच्या निवडणुकीची गोष्ट साभिनय सांगितली आणि हशाची वाट बघत थांबले.

शिंपीण हसली नाही. "विश्वास सार्थ करणार म्हणजे काय करणार हो ती?" तिने विचारलं.

मेस्त्री ते वाक्य मनात पुन्हा घोळवू लागले. कोण नसलं तर चालेल, याचं मतदान. त्यात निवडून आलेल्या पोरीने विश्वास सार्थ करायचा, तो कसा? पाठीवरचा कागद, दप्तर, मतदान... एकाही गोष्टीत पुढे काय झालं, कोण तिच्या बाजूने उभं राहिलं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. हशा आला की गोष्ट संपली, अशीच त्यांच्या घरची रीत. शिवाय सकाळी दादा खुशीत म्हणाला होता, की खारूने रंगांची पेटी मला देऊन टाकली, मला आता नको म्हणाली. ज्या पेटीला बोट लावलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची, ती पेटी!

"ताई, फॅन उद्या न्या," म्हणत त्यांनी शटर ओढलं आणि चालता चालताच बायकोला फोन लावला. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, तिला सरळ विचारा. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का, असं स्पष्ट विचारा."

"अगं, पण विचारलं आणि तेच तिच्या डोक्यात शिरलं तर?"

"विचारल्याने शिरत नाही, इथल्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना हेच सांगतात. त्यांच्याशी बोलते आणि येतेच मी. तोवर तिला एकटं सोडू नका. आणि एक, विनोद करू नका."

शेवटची अट सगळ्यात अवघड होती. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून आलेली खारू पलंगावर वह्या आवरत बसली होती. मेस्त्रींना पाहून म्हणाली, "आज लवकर? दुकानाला आग लागली का?" मेस्त्रींच्या जिभेवर चांगली दोन उत्तरं आली. दोन्ही त्यांनी गिळली आणि तिच्या शेजारी टेकले.

"खारू, मतदानाच्या गोष्टीवर मी हसलो. हसायला नको होतं." मग त्यांनी सरळ विचारलं, "तुला मरून जावंसं वाटतं का गं?"

खारूच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं, पण ते टिकलं नाही. ती वहीचा कोपरा दुमडू लागली.

"कधी कधी," ती म्हणाली. "हल्ली रोजच."

ओरडावं, समजूत घालावी, त्या पोरांच्या कानाखाली आवाज काढावा, असं सगळं एकदम मेस्त्रींच्या मनात आलं. यातलं काही न करता त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सांग. सगळं सांग. मी कुठे जात नाही."

मग खारू बोलली. नकला न करता, अडखळत, नाक पुसत. "मला वाटलं, मजेशीर करून सांगितलं तर तुमच्यापैकी कुणीतरी ओळखेल," ती म्हणाली आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आई धापा टाकत आली तेव्हा बाप आणि लेक एकाच टॉवेलने डोळे पुसत होते.

पुढे बरंच काही झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी खारूशी निवांत बोलून घेतलं आणि एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. खारू त्यांच्याकडे आधी कुरकुरत आणि मग आपणहून जाऊ लागली. आईने शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांच्या समोर असं काही ठाण मांडलं, की आठवड्याच्या आत तो गट बंद झाला आणि मतदान घेणाऱ्या शहाण्यांचे आईबाप शाळेत हजर झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने खारूला येऊन सांगितलं, "मी तुला मत दिलं नव्हतं, पण गप्प बसले. सॉरी." आता त्या दोघी डबा एकत्र खातात. सगळं एका रात्रीत सरळ झालं असं मात्र नाही. काही दिवस खारू भिंतीकडे तोंड करून पडायची आणि घरातलं कुणीतरी न बोलता तिच्याजवळ बसायचं. घरचा कायदाही बदलला. हसायचं की नाही, हे सांगणाऱ्याने आधीच सांगायचं. भांडी सगळ्यांनी मिळून घासायची. मेस्त्रींना हे कलम मुळीच पसंत नव्हतं, पण बहुमतापुढे त्यांचं काही चाललं नाही.

मेस्त्रींचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. लेक हसली तरी त्यांना शंका यायची, की हे खरं हसू की आपल्यासाठी काढलेलं? विचारलं की ती म्हणायची, "आज बरं आहे, बाबा." ती फक्त आजचं सांगायची, त्यामुळे उद्याची काळजी उरायचीच.

एका रविवारी आतल्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला.

"पुढच्या वर्षी तू शिकायला बाहेर गेलास की ही खोली माझी!" खारू कडाडत होती. "भिंतींना पिवळा रंग देणार मी. आणि माझी रंगांची पेटी आत्ताच्या आत्ता परत दे!"

"मी सुट्टीत येईन तेव्हा कुठे झोपू?" दादा ओरडला.

"बाहेरच्या खोलीत झोप! पाहुणा असशील तू!"

मेस्त्रींची बायको भांडण सोडवायला निघाली. मेस्त्रींनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"अहो, डोळ्यांत पाणी का?" ती घाबरून म्हणाली.

"पुढच्या वर्षी म्हणाली गं ती," मेस्त्री म्हणाले.

मग ती दोघं तिथेच दाराशी उभी राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिली.