गळक्या भात्याचा श्वास

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे, कीर्तनात बुवांच्या मागे वाजते ती, सुरांची. माझ्या पट्ट्या आता पिवळ्या पडल्या आहेत, त्यातली एक दाबली की बोटाने उचलल्याशिवाय वर येत नाही, आणि माझा भाता गळतो. गाणे थांबले तरी आतली हवा हळूहळू सुटत राहते, झोपलेल्या जिवाच्या श्वासासारखी. या गळण्यापायी मी पुष्कळ टोमणे ऐकले. पण देव कोणाच्या उणेपणातून कोणते काम करून घेईल, त्याचा नेम नाही.

इंदूरला राजवाड्यामागच्या एका बोळात, एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला घडवले. अंग सागवानाचे आणि भात्याला मऊ कातडे. कापडाच्या मिलमधल्या भजनी मंडळाने मला घेतले आणि शंकररावांच्या मांडीजवळ आणून ठेवले. शंकरराव त्या मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण पहिल्या पाळीला आला, कोण तिसरीला चुकला, हे सगळे त्यांना तोंडपाठ. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक निघे, तेव्हा ट्रकवर गणपतीच्या पायाशी मला बसवत. हजारो माणसे हात जोडत. ते हात गणपतीला असत, हे मला ठाऊक होते. पण थोडा वाटा मीही घेत असे.

मग नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली. जमाना बदलला, बाजारात नवा माल आला, असे लोक म्हणत. आमच्या छत्रीबागेच्या गल्लीत मात्र सकाळी दहा वाजता धडधाकट माणसे ओट्यावर बसलेली दिसू लागली. भजनी मंडळ पांगले. शंकररावांनी मला घरी आणले, आणि मी गल्लीतल्या राममंदिरात मालोजीबुवांच्या कीर्तनाला साथ करू लागले.

काय सांगू तुम्हाला त्या कीर्तनाचे सुख! बुवांचा आवाज थोडा घोगरा, पण ते अभंगाला हात घालत तेव्हा उपाशी माणूससुद्धा डोलायला लागे. एकदा त्यांनी कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संताची गोष्ट लावली. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली, तर संत म्हणतात, देवा, कोरडी नको खाऊ, तूप तरी घे! सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आपल्या माळव्यात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असा रिवाज आहेच. पण त्या कीर्तनानंतर गल्लीतल्या एकूण एक घरातून शेवटची पोळी तूप लावून निघू लागली.

गल्लीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला एक पडका ओटा होता. तिथे पोळ्या ठेवत. एक पिवळी कुत्री येई, पोळ्या तोंडात धरी आणि शेजारच्या बंद खोलीच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून आत जाई. तिथे बसून खात नसे.

"बघा हो, जनावर असून आधी पिल्लांना घालते," शंकररावांच्या पत्नी उषाताई म्हणत.

"नाहीतर आमचे हे!" शेजारच्या गंगूबाई म्हणत. "आधी स्वतःचं ताट, मग लेकरं."

सगळ्या हसत. इतक्या म्हाताऱ्या कुत्रीला पिल्ले कुठली, हे कोणाच्याच मनात आले नाही.

ती खोली मिलमधल्याच एका कामगाराची. त्याची बायको वारली, मागोमाग काम गेले. एक लहान मुलगी होती. तो म्हणाला, "तिला मामाच्या गावी पाठवलं." लोक म्हणाले, बरे केलेस. तो बाहेरून कुलूप लावून दिवसभर काम शोधत फिरे. पुढे पुढे तो चार-चार दिवस येईना, आणि एका हिवाळ्यात सूरतला गेला तो गेलाच. कुलूप त्याने लावले, मित्रांनो. पण त्या दाराची कडी आमच्यापैकी कोणीच वाजवली नाही. मी तर लाकडाची. ज्यांना हात होते त्यांच्याबद्दल काय बोलू?

त्यानंतर तिसऱ्या वर्षी रामनवमीच्या दोन दिवस आधी पिवळी कुत्री मेली. नगर निगमची गाडी तिला घेऊन गेली. ओट्यावरच्या पोळ्या तशाच वाळल्या.

रामनवमीला भर दुपारी जन्माचे कीर्तन सुरू होते. पाळणा सजला होता. बुवांनी पूर्वरंग संपवला. कीर्तनाच्या मध्यात बुवांना हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात, आणि माणसे एकमेकांना आलिंगन देतात. ते चालले होते. माझे सूर थांबले होते, पण शंकररावांचा हात सवयीने भात्यावर हलत होता. आणि एकदम मागून ओरडा झाला.

"कुत्रा शिरला! कुत्रा!"

माणसांच्या पायांतून काहीतरी चार पायांवर येत होते. कोणी चप्पल उचलली, कोणी काठी. दूधवाले उदयसिंह दाराशी उभे होते, ते हात पसरून आडवे झाले. "अरे मारो मत भिया! कुत्तो नी हे, छोरी हे!"

सहा-सात वर्षांची मुलगी. केसांच्या जटा, अंगावर पोत्याचा तुकडा, गुडघ्यांना घट्टे. तिने दात विचकले, कोणाकडे पाहिले नाही, आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या गळक्या भात्याला तिने कान लावला. मग डोके टेकले आणि अंगाची गुंडाळी करून पडून राहिली.

शंकररावांनी घाबरून हात काढला. माझा श्वास थांबला, तशी ती कण्हू लागली. नख्यांनी भाता खरवडू लागली. तेव्हा मला कळले. ही त्या कुलूप लावलेल्या खोलीतली, मामाच्या गावी गेली म्हणून सांगितलेली मुलगी. तीन वर्षे ती त्या पिवळ्या कुत्रीच्या कुशीत, तिच्या श्वासावर झोपली होती. कुत्री गेल्यापासून दोन दिवस ती तोच श्वास शोधत होती.

"भाता हलवत राहा," उषाताई हळूच म्हणाल्या. "सूर नका लावू. नुसता भाता हलवा."

मी पुष्कळ कीर्तनांत वाजले आहे. पण त्या दुपारी एकही पट्टी न दाबता मी जी साथ केली, तशी कधी केली नाही.

गंगूबाई पुढे सरकल्या. "म्हणजे पोळ्या... आपल्या पोळ्या हीच खात होती? हे राम, रोज वाकून ठेवत होते मी. दोन पावलं पुढे जाऊन बघितलं असतं तर!"

बुवा उत्तररंगाला उभे राहिले, पण त्यांनी आख्यान लावले नाही. त्यांनी गळ्यातला हार काढून पाळण्यापाशी ठेवला. म्हणाले, "मायबाप, संताला कुत्र्यात देव दिसला. आम्हाला लेकरात लेकरू दिसलं नाही. आणि कुत्रीला मात्र दिसलं. आज माझ्याकडे याहून मोठं कीर्तन नाही." आणि ते खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत गर्दी लोटली. बडा गणपतीच्या मंदिरापर्यंत बातमी गेली होती. मुलगी शंकररावांच्या घरी होती, आणि गंगूबाई झाडू घेऊन त्यांच्या दारात उभ्या. "काय बघता? सर्कस आहे का? ज्याला बघायचं त्याने आधी बालटीभर गरम पाणी आणून द्या, मग बघा!" निम्मे लोक पळाले. उरलेले खरेच पाणी घेऊन आले.

मग सरकारी बाई आल्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी सगळे लिहून घेतले आणि म्हणाल्या, "हिला दूरच्या संस्थेत पाठवावं लागेल. हिला चोवीस तास माणूस लागतो. तो कोण देणार? दसऱ्यापर्यंत बघते. तोवर हिची नीट देखभाल होते आहे असं दिसलं, तरच ही इथे राहील."

त्या गेल्यावर ओट्यावर जो तो आपली अडचण सांगू लागला. कोणाच्या घरी आधीच सात माणसे, कोणाचा मुलगा बेकार. मग शंकरराव उठले. दाराशी एक पाटी टांगली आणि खडूने तीन रकाने पाडले. "पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी," ते म्हणाले. "मुलगी आमच्या घरी राहील. पण पाळीला सगळ्यांनी यायचं. मिलमध्ये चुकणारा माझ्या नजरेतून सुटत नव्हता, इथे का सुटेल?"

पाच वर्षे ज्यांना कोणी कामावर बोलावले नव्हते, ते दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून पाळीला आले! एकाने तर जुन्या सवयीने डबाही आणला. मुलीचे नाव अंबिका ठेवले. ती चावली, ओरबाडली, ताट उलटवले. पाळी बदलताना माणसे एकमेकांना सांगत, "आज दोनदाच चावली." "आज माझ्या हातून भात खाल्ला, भिया!" असे सांगताना त्यांचे चेहरे झांकीच्या दिवशी फुलत, तसे फुलत. मी कोपऱ्यातून पाही. रोज दुपारी शंकरराव भाता हलवत आणि ती माझ्याजवळ झोपे. भाता दुरुस्त करून घ्या, असे बुवा म्हणाले तेव्हा उषाताई खेकसल्या, "हात लावाल तर खबरदार!"

दसऱ्यानंतर बाई आल्या, तर अंबिका पलंगाखाली जाऊन बसली. हाका मारल्या, खोबऱ्याचा तुकडा दाखवला. येईना. बाईंनी पेनाचे टोपण काढले. सगळी गल्ली दारात गोळा झालेली. शंकररावांनी मला पुढे ओढले आणि भाता हलवू लागले. त्यांचे हात कापत होते, त्यामुळे माझा श्वासही अडखळू लागला.

तेव्हा पलंगाखालून ती आली. पण डोके टेकले नाही. ती माझ्यासमोर पाठ ताठ करून बसली, शंकररावांचा कापणारा हात तिने बाजूला केला आणि आपला तळवा भात्यावर ठेवला. हळू मागे, हळू पुढे. मी श्वास घेतला, तिच्या हाताने.

"बोलते का?" बाईंनी विचारले.

"नाही," उषाताई म्हणाल्या.

"कधी बोलेल?"

"ते रामाला माहीत. आम्ही बोलतो ना तिच्याशी."

बाई बराच वेळ त्या पाटीवरची तीन रकान्यांतली नावे वाचत राहिल्या. मग कागद घडी करून म्हणाल्या, "दर महिन्याला येऊन बघेन." उदयसिंहांनी त्या दिवशी गल्लीत दूध फुकट वाटले.

याला बरीच वर्षे झाली. अंबिका आता मोठी आहे. ती सगळे बोलत नाही. आठ-दहा शब्द आहेत तिच्याजवळ, त्यांत "ये" आणि "जेव" हे दोन फार गोड म्हणते. कीर्तनाला ती मला पुसून बुवांच्या मागे मांडते आणि माझ्याशेजारी बसते. माझा भाता अजून गळतो. मी समाधानी आहे.

मित्रांनो, दान करणारे हात माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पाहिले. पण गल्लीतली शेवटची पोळी आता रोज अंबिका घेऊन जाते. ती ओट्यावर ठेवून परत फिरत नाही. कुत्रे येईपर्यंत थांबते, ते पोळी घेऊन निघाले तर मागे मागे जाते, आणि जिथे ते थांबते तिथे वाकून आत बघते. तुमच्याही गल्लीत एखादे बंद दार असेल, मामाच्या गावी गेलेले एखादे लेकरू असेल. पोळी जरूर द्या. पण दोन पावले पुढे जा, आणि वाकून बघा.