राइलीनं बाह्या वर केल्या

राइली कोस्केलाच्या कोपरांवर पहिले चट्टे उठले तेव्हा ती शाळेत होती. त्याच हिवाळ्यात तिचे वडील घर सोडून गेले होते. लालभडक चट्टे, वर चांदीसारख्या खपल्या. डॉक्टरांनी सोरायसिस असल्याचं सांगितलं, मलम दिलं आणि पुढे कितीतरी वर्षं ते इतके दबून राहिले की ती स्वतःही विसरली.

मी तिच्याबरोबर कॅनडात, थंडर बे शहरातल्या एका फिनिश हॉटेलात काम करायचे. मी तव्यापाशी, ती टेबलांवर. पातळ पॅनकेक, खारवलेला मासा, वेलदोड्याचा पाव. कागद गिरणीतली माणसं पाळी संपवून यायची आणि राइलीच्या टेबलावर जागा नसली तर दाराशी थांबून राहायची.

मालकीणबाई हिल्का गुडघ्यांनी हैराण होऊन घरी बसल्या आणि कारभार त्यांच्या भाच्याकडे, ट्रेंटकडे आला. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. पण चारचौघांत कुणाला तरी बोलल्याशिवाय आपण साहेब झालोय असं त्याला वाटायचंच नाही. कॉफी पोचायला उशीर का, गिऱ्हाइकांशी गप्पा कशाला, असं राइलीला भर हॉटेलात ऐकवायचा. तिच्या कामाच्या पाळ्या आदल्या संध्याकाळी बदलायचा. घरी तिची आई औने अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ कुणाला बसवायचं यासाठी राइलीची दरवेळी पळापळ. तरी ती उलट बोलायची नाही.

गिळलेला राग तिच्या अंगावर उठायला लागला. आधी कोपरं, मग गुडघे, मग डोक्यात, कानांमागे. खाजवून खाजवून रक्त यायचं. मध्यंतरी ट्रेंट महिनाभर फ्लोरिडाला गेला, तेव्हा तिला नीट झोप लागायला लागली, कंड कमी झाली, चट्टे फिके पडले. तो परत आला आणि तेही परत आले. स्वयंपाकघरातल्या आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

ट्रेंटनं त्यावर तोडगा काढला. आमचे पांढरे, अर्ध्या बाह्यांचे शर्ट बंद. त्याऐवजी काळे, पूर्ण बाह्यांचे. आत भट्टीसारखं गरम. राइलीचे हात घामानं आणखी चिघळले आणि काळ्या खांद्यांवर डोक्यातल्या खपल्या लख्ख दिसायला लागल्या. त्यावरूनही तो बोलला.

अखेर ती डॉक्टर बोकाजबाईंकडे गेली. त्यांनी चट्टे तपासले आणि मग बराच वेळ कामाबद्दल विचारलं. राइली सांगता सांगता रडली. हा आजार ताणातून जन्मत नाही, पण ताणानं भडकतो, असं बाईंनी तिला समजावलं. भडकला की माणूस लाजतो, लाजेनं आणखी ताण येतो. हा कुणाला लागत नाही आणि यात तुझा दोष तर मुळीच नाही, हेही सांगितलं. मलम बदललं, प्रकाशाचे उपचार सुरू केले, अर्ध्या बाह्यांसाठी चिठ्ठी दिली.

ट्रेंटनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "ताणानं होतं ना? मग ताण घेऊ नकोस. योगा वगैरे कर काहीतरी." बाह्यांचा नियम मात्र तसाच राहिला.

तो रविवार होता. हॉटेल खच्चून भरलेलं. राइली मागच्या खोलीतून आली ती दोन्ही बाह्या दंडापर्यंत दुमडून. तिनं माझ्यासमोरच्या ताटल्या उचलल्या आणि बाहेर गेली. मी हात पुसत दाराशी आले.

एका टेबलावरच्या बाईनं ताटली मागे सरकवली. "हे काय झालंय तुमच्या हातांना? आम्हाला दुसरं कुणी वाढेल का?"

"सोरायसिस आहे," राइली म्हणाली. "लागत नाही कुणाला. हात मी स्वच्छ धुतलेत. खायचं तर खा, नाहीतर तुमची मर्जी."

ट्रेंट धावत आला. त्यानं त्या बाईची माफी मागितली आणि राइलीला म्हणाला, बाह्या खाली कर, नाहीतर मागे जाऊन भांडी घास. उकळतं पाणी आणि साबण त्या हातांचं काय करील हे त्यालाही ठाऊक होतं.

"नाही करणार," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. "मी मागेही जाणार नाही. ट्रेंट, वर्षभर तू मला बोलतोयस आणि वर्षभर मी अंग झाकतेय. माझी कातडी माझ्या ताब्यात नाही. तुझं तोंड तुझ्या ताब्यात आहे. ते आवर आधी."

त्यानं दुसऱ्या वाढणाऱ्या मुलीला, शेल्बीला, टेबल घ्यायला सांगितलं. शेल्बी म्हणाली, ते राइलीचं टेबल आहे. मग तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, त्या टेबलाची ऑर्डर मी राइलीच्याच हातात देणार. ती बाई निघून गेली. बाकी कुणी उठलं नाही.

राइलीनं पाळी पुरी केली आणि तशीच हिल्काबाईंच्या घरी गेली. जे घडलं ते सगळं सांगितलं आणि हे थांबलं नाही तर मानवाधिकार आयोगाकडे जाईन, असंही शांतपणे सांगितलं. हिल्काबाईंनी भाच्याला घरी बोलावलं. काय बोलणं झालं माहीत नाही. काळे शर्ट गेले, पाळ्या आठवडाभर आधी कळायला लागल्या. ट्रेंटनं माफी मागितली नाही, पण भर हॉटेलात ओरडणं सोडलं. उपचारांनी आणि निवांत झोपेनं राइलीची कोपरं बरीच निवळली. पूर्ण नाही.

वसंतात तिची आई औने गेली. दफन झालं त्याच आठवड्यात चट्टे उसळून वर आले, या वेळी कपाळावर आणि भुवयांपर्यंत. ट्रेंट, खरं सांगायचं तर काळजीनंच, म्हणाला की चेहऱ्यावरचं जाईपर्यंत घरी राहा.

"माझी आई गेलीय," राइली म्हणाली. "ते चेहऱ्यावर दिसणारच. शनिवारी मला खिडकीजवळची टेबलं दे."

त्यानं दिली. शनिवारी ती दोनदा आत येऊन माझ्याजवळ रडली, थंड पाणी डोळ्यांना लावलं, कपाळाला मलम चोपडलं आणि कॉफीचं भांडं उचलून पुन्हा बाहेर गेली.