आधी एका शेळीला

प्रांजलताई माझी सख्खी बहीण नाही, चुलतबहीण आहे. तिचे आईबाप ती लहान असतानाच गेले, म्हणून माझ्या आईनं तिला वाढवलं. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण कवठे महांकाळकडच्या आमच्या वस्तीवर कुणी नवं माणूस आलं की आई तिची ओळख 'ही माझी थोरली' अशी करून देते आणि माझी 'ही धाकटी, लय बोलती' अशी. ताई तिला आईच म्हणते.

साताऱ्यातल्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. ढाल घेऊन घरात शिरले, तर आई अंथरुणावर आणि ताई तिच्या उशाला. आईला अंडाशयाचा कॅन्सर झालाय आणि मिरजेत ऑपरेशन ठरलंय, हे मला ठाऊक होतं. आईनं ढालीवरून हात फिरवला. "ठेव तिकडं फळीवर. ताईला च्या टाक."

त्या चहात मी साखर घातली नाही.

ताई पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. तिथं ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा बारीक तुकडा घेतात, जेलीसारख्या पदार्थात ठेवतात, त्याला जपून खायला घालतात, आणि त्यातून खसखशीहूनही लहान जिवंत गोळे वाढतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. ते बरेचसे मूळ गाठीसारखेच वागतात, म्हणून कुठलं औषध लागू पडतं ते त्यांच्यावर बघता येतं. ताईला आईच्या गाठीचा तुकडा हवा होता. डॉक्टर तयार होते, आई नव्हती.

"दात पडला तर आमी शेणात घालून पत्र्यावर टाकतो. नाळ गोठ्यात पुरतो. अंगातलं काय बी परक्याला देत न्हाई."

"मी परकी हाय व्हय?"

"तू न्हाईस. तुकडा ठेवायची तुझी ती बाटली परकी हाय."

ताईनं मोबाइलवर पेशी दाखवल्या, जनुकं समजावली. आईनं भिंतीकडं तोंड केलं. मला बरं वाटलं. आई ताईला कधी नाही म्हणत नाही. त्यात आईचा तुकडा हिच्याकडं राहणार, ही त्याला भरवणार, आणि मी इथं शेळ्यांना पाला टाकणार.

ताई बाहेर येऊन ओट्यावर बसली. "सोमवारी ऑपरेशन, शिवे. गाठ निघाली की ताजीच घ्यावी लागते. मग काय उपयोग न्हाई."

मी गप्प बसले असते तर ती हरली असती. पण तिचं सांगणं इतकं कच्चं होतं की मला राहवेना. मी आत गेले.

"आई, जंताचं नवं औषध आणलं की तू काय करतीस?"

"आधी एका शेळीला पाजती. ती टिकली की मग समद्या कळपाला."

"मग कॅन्सरच्या बायकांनी काय घोडं मारलंय? त्यांना थेट पाजायचं, आन् लागू पडलं न्हाई तर तवर येळ गेला."

आई वळली. "म्हंजी मी ती शेळी?"

"तू न्हाईस गं. शेळी ती गाठ. औषध तिला पाजायचं. मेली तर आपल्याला तेच पायजे."

आई हसली. मग तिनं ताईला हाक मारली. "माझ्या औषधाचं कळंल का त्यातनं?"

ताई खोटं बोलली नाही. "तुझ्या येळंपतूर बहुतेक न्हाई, आई. पुढच्या बायकांना उपयोग व्हईल."

"कळपाला," आई म्हणाली. "घे मग."

ऑपरेशन झालं. आई आता घरी आहे, केमो चालू आहे. ताईनं प्रयोगशाळेत वाढलेल्या त्या जिवंत गोळ्यांचा फोटो पाठवलाय, भिजल्या साबुदाण्यासारखे दिसतात. आई तो येईल त्याला दाखवते. काल शेजारच्या दगडाबाई आल्या, त्यांनाही दाखवला. "माझ्या थोरलीनं वाढवल्यात."

मी भाकरी थापत होते. तवा जरा आपटला.

"आन् मला पटवलं हिनं," आई म्हणाली. "थोरलीला जमलं न्हाई ते."

मी पिठाच्या हातानंच ताईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आईपुढं धरला.

"आई, आत्ता काय म्हणालीस? परत म्हण की."